पूल पाडला ते बरंच झालं

आज पॉटलकला एका गृहस्थांनी पुरणपोळीवर तुपाची वाटी रिकामी करता करता निकाल देऊन टाकला. "चांगला पूल पाडला आणि तीन बिलियन डॉलर पाण्यात घातले. कशासाठी? तर लोकांना फिरायला!" यजमानीण मैत्रीण आहे म्हणून तिथे गप्प बसले. इथे नाही बसणार.

हो, फिरायला! पाय असतात माणसाला.

आमच्या सिअ‍ॅटलच्या अलास्कन वे व्हायाडक्टबद्दल चाललंय. १९५३चा दुमजली पूल, शहर आणि खाडीच्या बरोबर मध्ये. २०१६ला बाबा पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावरून मुद्दाम त्याच्यावरून आणलं. वरच्या मजल्यावर गाडी, डावीकडे एलियट बे, फेरीबोटी, मागे ऑलिम्पिकचे डोंगर. बाबा म्हणाले, "अगं, ही तर दुमजली मरीन ड्राइव्ह!" बरं, तेवढं मान्य. तसा देखावा आता गाडीतून दिसत नाही. त्याच्याऐवजी जमिनीखाली काढलेल्या बोगद्यातून जायचं आणि वर टोल भरायचा.

पण दोनच दिवसांनी त्यांना पाइक प्लेस मार्केटमधून पाण्याकडे चालवत नेलं. पुलाखाली पार्किंग, अंधार, डोक्यावर नुसती धडधड. बाबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि माझं मनगट धरलं. आयुष्य पीडब्ल्यूडीत पूल बांधण्यात गेलेला माणूस! पाणी समोर दिसत होतं आणि तिथे पोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोलू शकलो नाही.

आणि 'चांगला' पूल म्हणे. २००१च्या भूकंपात खिळखिळा झालेला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा तसलाच दुमजली पूल १९८९च्या भूकंपात बसला, ४२ माणसं गेली. आम्ही मात्र रोज गाणी ऐकत ऑफिसला. २०१९मध्ये बंद झाला तेव्हा मी तरी सुटकेचा श्वास टाकला. पाडलेलं काँक्रीट बॅटरी स्ट्रीटच्या जुन्या बोगद्यात भरलं, हे फोनवर सांगितलं तर बाबा खूश. "भराव जागच्या जागी! वा!"

यंदा बाबा परत आले. ८१ वर्षांचे. मार्केटपासून पाण्याकडे जाणाऱ्या ओव्हरलुक वॉक या नव्या पायवाटेने खाली उतरलो, वाटेत तीनदा टेकले. खिशातून शेंगदाणे काढले, मला चार दिले. तेवढ्यात फेरीचा भोंगा वाजला. मान वळवून म्हणाले, "ही कुठली गं? ब्रेमर्टनची?" मशीन कानातच होतं. मला काही सुचेना, मी नुसती हो म्हणाले. बेनब्रिजचीही असेल.

आता खरं सांगू? माझा राग वेगळाच आहे. पुढे फेरीच्या धक्क्यापाशी रस्ता ओलांडायला गेलो, तर सात-आठ लेन! इतकी वर्षं भांडून पूल काढायचा आणि त्या जागी हे? सिग्नल संपला, आम्ही मध्येच दुभाजकावर अडकलो. बाबांनी दोन्हीकडे बघितलं. "पाडलाय कुठे? आडवा झोपवलाय."

तूपवाले काका, हे वाक्य तुम्हाला फुकट. पुढच्या पॉटलकला वापरा.