गोळ्यांनंतर थेट आयव्हीएफ?

'गोळ्यांनी स्त्रीबीज तयार झालं नाही, तर आयव्हीएफ' (म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी) असं मूल होण्याच्या उपचारांवरच्या लेखात एका वाक्यात उरकलंय, ते पटलं नाही. मधल्या पायऱ्या कुठे गेल्या? मला पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सच्या गडबडीने दर महिन्याला अंडं तयार होत नाही. अंडं वाढवणाऱ्या क्लोमिफिन गोळ्यांचे तीन महिने गेले, पण सोनोग्राफीत अंडं (म्हणजे खरं तर अंड्याची पिशवी) 10 मिमीच्या पुढे सरकेना. लेट्रोझोल या दुसऱ्या गोळीनेही तेच. मग सांगलीत एफएसएच या अंडं वाढवणाऱ्या हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली, अगदी कमी डोसपासून. एकदम जास्त अंडी वाढली तर जुळं-तिळं, शिवाय अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याची भीती. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी तासगावहून एसटीने सोनोग्राफीला. इंजेक्शनं फ्रिजमध्ये सायीच्या भांड्यामागे लपवलेली, सासूबाईंनी एकदा विचारलंच, "हे गं कसलं?" अंडं 18 मिमीचं झालं की ते फुटायचं इंजेक्शन आणि साधारण दीड दिवसाने आययूआय, म्हणजे नवऱ्याचं वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं. दुर्बिणीतून ओव्हेरियन ड्रिलिंग (अंडाशयाला बारीक छिद्रं पाडणं) हाही एक पर्याय असतो, आम्ही तो घेतला नाही.

आणि हो, नवऱ्याची वीर्यतपासणी आणि गर्भनलिकांचा एक्स-रे आधी करून घ्या. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी ह्यांना वर्षभर बोलावलंच नाही, गोळ्या मात्र मी गिळत होते.