वाकडं पाऊल

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. माझे ट्रेडमिलवर दिसले. तेही सेहेचाळिसाव्या वर्षी, मागून आणि संथ गतीत.

धावायला लागून दीड महिना झाला होता आणि उजवा गुडघा कुरकुरू लागला होता. हे मी एका जुन्या धावपटू मित्राजवळ बोलून बसलो. त्यानं रक्तगट विचारावा तसं विचारलं, "तुझं प्रोनेशन काय आहे?"

पाऊल टेकल्यावर घोटा जरा आत कलतो, ते प्रोनेशन. कलायला हरकत नसते. धावताना पावलागणिक अंगावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, तो जिरवायची पायाची ती रीतच आहे. जास्त कलला तर ओव्हरप्रोनेशन, कमी कलला तर सुपिनेशन. आणि जसा पाय तसा बूट, असं मित्राचं म्हणणं.

घरच्या घरी करायची चाचणीही त्यानं सांगितली: पाय ओला करायचा आणि ठसा बघायचा. ठसा सपाट आला तर पाय जास्त कलणारा, मधे कमान दिसली तर ठीक. पहिला ठसा फरशीवर उमटवला. चष्मा आणेपर्यंत तो वाळला. मग पुठ्ठा घेतला. उजवा ठसा इस्त्रीच्या तळासारखा सपाट आला. डाव्याला मात्र मधोमध छान कमान. म्हणजे एकाच माणसाला दोन पक्षांचे पाय. बायको दारात उभं राहून हे सगळं बघत होती. काही बोलली नाही, फडकं आणून दिलं.

बुटांच्या दुकानात संध्याकाळी जायचं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. आणि धावताना घालतो तेच मोजे घालून जायचं. मी आज्ञाधारकपणे तेच घातले. त्यांतल्या एकातून अंगठा बाहेर डोकावतो, हे जोडे काढल्यावर आठवलं.

"काका, नेहमीसारखं धावा," असं म्हणून दुकानातल्या मुलानं मला ट्रेडमिलवर चढवलं आणि मागे कॅमेरा लावला.

नेहमीसारखं! मी नेहमी कसा धावतो? हात कुठे असतात? त्या क्षणी काही म्हणजे काही आठवेना. मी छाती काढली, गुडघे उचलले आणि पंधरा ऑगस्टच्या संचलनात शिरल्यासारखा निघालो. "तसं नाही काका, रोज धावता तसं." रोज मी दुसऱ्या मिनिटाला धापा टाकतो; तेवढं मात्र जमलं.

मग पडद्यावर माझ्या टाचा आल्या. स्वतःच्या टाचा मागून बघण्याचा योग तोवर आला नव्हता, आणि आला नसता तरी चाललं असतं. मुलानं घोट्यावर लाल रेघ ओढली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघा, उजवं पाऊल वाकडं पडतंय." शेजारी चपला बघणाऱ्या बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

मी पुरावा म्हणून जुने बूट पुढे केले. "पण हे तर बाहेरच्या कडेला झिजलेत!"

"बहुतेकांचे तसेच झिजतात. टाच बाहेरच्या कडेवर टेकते, मग पाऊल आत कलतं."

म्हणजे माझं पाऊल बाहेरून येतं आणि आत कोसळतं. घरी उशिरा परतणाऱ्या माणसासारखं.

पुढचा पाऊण तास खोक्यांचा. आतल्या कडेला कडक फोम असलेले आधाराचे बूट, तसला आधार नसलेले न्यूट्रल बूट, आणि टाच चवड्यापेक्षा किती उंच याचे मिलिमीटर: 12, 8, 4, शून्य. एका जोडाचा तळ एवढा जाड होता, की हा स्पर्धेत चालतो का, असं मी विचारलं. रस्त्यावरच्या शर्यतीत 40 मिलिमीटरपर्यंत चालतो म्हणाला. माझ्या वेगाला कोणी पंच पट्टी घेऊन धावणार नाही, हे तो सभ्यपणामुळे बोलला नाही. मग एका पायात एक जात, दुसऱ्यात दुसरी. पुढे अंगठ्याएवढी जागा. टाच निसटत होती, तर नाडी त्यानं घोट्याजवळच्या त्या शेवटच्या जादा भोकातून ओवून दिली. ते भोक कशाला असतं, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

"कशात बरं वाटतंय?"

उजव्या पायाला उजवा, डाव्याला डावा. शेवटी कंटाळून न्यूट्रल घेतला, कारण त्यात पाय घातल्यावर मी बुटाबद्दल विचार करायचा थांबलो.

रात्री वाचताना कळलं, की डेन्मार्कमध्ये 927 नवख्या धावकांना असलेच न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं होतं. आत कलणाऱ्यांना दुखापती काही जास्त झाल्या नाहीत. 2014 साली हे छापूनही आलंय. आणि 1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला नवे बूट नीट बसेनात, तेव्हा तो अनवाणी धावला आणि मॅरेथॉनचं सुवर्णपदक घेऊन गेला. मला बूट बसला नाही, तर मी अर्धा नंबर मोठा मागतो.

तेवढ्यात बायकोनं पाय धुतले आणि सहज नव्या खोक्याच्या झाकणावर ओलं पाऊल ठेवलं. चित्रातल्यासारखा ठसा, कमान अशी की खालून होडी जावी.

"माझं काय निघालं?"

"न्यूट्रल."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला कुठलेही बूट चालतात."

"मग बरंय," म्हणत ती सपाता घालून झोपायला गेली. मी नाडी सोडली आणि ते शेवटचं भोक शोधू लागलो.