चष्मा

जर्मन भाषेत 'बाडेन' म्हणजे आंघोळ करणे. त्यामुळे बाडेन-बाडेन या गावाचं नाव ऐकलं तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की इथे आपली एकदा नाही, दोनदा हजामत होणार. नावातलं दुसरं बाडेन म्हणजे खरं तर जुनं संस्थान, 'बाडेनमधलं बाडेन' म्हणून ते 1931 साली असं जोडलं गेलं, पण ही माहिती मला नंतर मिळाली आणि तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

प्लॅनिंग सगळं बायकोचं. माझ्या वाट्याला बॅगा उचलणं आणि "छान आहे" म्हणणं. "गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, फ्रीडरिक्सबाड म्हणून जुनी वास्तू आहे, 1877 मध्ये उघडली, खाली रोमन लोकांच्या स्नानगृहाचे अवशेष आहेत," असं सगळं तिने मला ट्रेनमध्ये वाचून दाखवलं. मी पोहायची चड्डी, वर एक जास्तीची चड्डी, टॉवेल, सगळं भरून घेतलं. ती गालातल्या गालात हसत होती पण ती तशी नेहमीच हसते.

रिसेप्शनवरच्या बाईंनी तिकीट दिलं, लॉकरचं समजावलं आणि माझ्या हातातल्या चड्डीकडे बघून अतिशय प्रेमाने मान हलवली. नाइन, म्हणजे जर्मनमध्ये नाही. मला वाटलं रंग चालत नसेल. मग कळलं की कपडाच चालत नाही. कुठलाच. आणि आम्ही गेलो तो दिवस स्त्री-पुरुष एकत्रचा होता.

मी बायकोकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आला असतास?"

यावर उत्तर नव्हतं आणि तिकिटाचे पैसे तर गेलेच होते.

आता जरा इतिहास, कारण कपडे काढताना माणूस इतिहासाचाच विचार करतो. हे गाव पूर्वी जुगारासाठी प्रसिद्ध होतं, राजेरजवाडे इथल्या कॅसिनोत येऊन पैसे उधळायचे. 1872 मध्ये जर्मनीत जुगारबंदी आली. ती येणार याची चाहूल आधीच लागली होती, म्हणून गावाने आरोग्यावर भर दिला आणि हा आंघोळीचा राजवाडा उभा राहिला. म्हणजे आधी लोक इथून अंगावरचे कपडे हरून जायचे, नंतर तिकीट काढून स्वतःच उतरवायला लागले.

आत एकूण सतरा टप्पे. पद्धत रोमन-आयरिश, म्हणजे रोमन लोकांचं गरम पाणी आणि एका आयरिश डॉक्टरची गरम कोरडी हवा यांची सोयरीक. प्रत्येक टप्प्यापाशी भिंतीवर पाटी, त्यावर नंबर आणि किती मिनिटं थांबायचं ते. सोपं वाटतं ना? पण पाटी वाचायची तर मला चष्मा लागतो. माझा नंबर असा आहे की चष्म्याशिवाय मला भिंत दिसते, पाटी दिसत नाही. म्हणून सगळं काढलं पण चष्मा ठेवला. त्या अख्ख्या इमारतीत अंगावर काहीतरी घातलेला मी एकटाच होतो आणि तेही नेमकं बघण्याचं साधन!

हे लक्षात यायला जरा वेळ लागला. पहिली खोली 54 अंशाची, गरम हवेची. लाकडी बाकावर चादर टाकून पडायचं. भिंतींवर सुंदर टाइल्स होत्या, मी त्या एकाग्रतेने बघत राहिलो, आयुष्यात टाइल्समध्ये इतका रस मी कधी घेतला नव्हता. पुढची खोली 68 अंशाची. तिथे दुसऱ्याच मिनिटाला चष्म्याची काडी कानामागे अशी चटकली की मी "आई गं" म्हणून ओरडलो आणि त्या शांत खोलीत आठ-दहा माना वळल्या. चष्मा काढून हातात घेतला. खिशात टाकावा म्हटलं तर खिसा कपड्यांबरोबरच लॉकरमध्ये. बायकोला म्हटलं जरा धर, तर ती म्हणाली, "मी कुठे ठेवू?" रास्त प्रश्न होता.

मग साबणाचा मसाज. एक धिप्पाड गृहस्थ ब्रश घेऊन उभे आणि विचारतात, हार्ट की वाइख? मला वाटलं हार्टचा काही त्रास आहे का विचारतायत, मी जोरात सांगितलं, "हार्ट, गुड! व्हेरी गुड!" हार्ट म्हणजे कडक. पुढची काही मिनिटं त्या माणसाने मला जळकं पातेलं समजून घासला. उठलो तेव्हा माझं वजन नक्की थोडं कमी झालं असणार.

त्यानंतर वाफेच्या खोल्या, 45 आणि 48 अंश. खरी फजिती इथे झाली. आत पाऊल टाकलं आणि काचा पांढऱ्याशुभ्र. मी सवयीप्रमाणे चादरीच्या कोपऱ्याने पुसल्या, डोळ्यांवर चढवल्या, इकडेतिकडे बघितलं. परत धुकं. परत पुसलं, परत डोळे बारीक करून बघितलं. मला फक्त पाटी शोधायची होती हो! चौथ्यांदा पुसून, मान पुढे काढून, एक डोळा मिटून मी समोरच्या अंधुक आकाराकडे निरखून बघत होतो, त्यावर मला पंधरा लिहिल्यासारखं वाटत होतं, आणि वाफ जरा विरळ झाल्यावर कळलं की ती पाटी नसून एक आजीबाई आहेत. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांनी शांतपणे माझ्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पाटी तिथे होती.

गंमत बघा, मला सकाळपासून धास्ती की लोक आपल्याकडे बघतील. कोणी बघत नव्हतं. काका लोक, तरुण जोडपी, सगळे बसस्टॉपवर उभे असावेत तसे निवांत. त्या सगळ्या सभ्य लोकांत संशयास्पद माणूस एकच, तो चष्मा पुसून पुसून बघणारा. बायको तर मला ओळखत नसल्यासारखी दोन बाकं सोडून बसली होती.

पुढे पाण्याचे टप्पे, 36 अंशाचं कुंड, मग 34, मग मधोमध घुमटाखालचं गोल मोठं कुंड 28 अंशाचं. हे पाणी जमिनीतून वर येतं तेव्हा 68 अंशापर्यंत गरम असतं, त्यात मीठ असतं, खनिजं असतात, आणि खरं सांगतो, 36 अंशाच्या त्या पाण्यात मान टेकून बसलो तेव्हा प्रवासातल्या बॅगांनी धरलेले खांदे सुटले. घुमट भव्य आहे. म्हणजे असावा. मला वर एक मोठा फिकट ढग दिसत होता कारण चष्मा मी एका हातात पाण्याच्या वर उंच धरला होता, मशालीसारखा. एक हात वर करून कुंडात गोल गोल फिरणारा माणूस. एका काकांनी मला काहीतरी विचारायचंय असं समजून "या?" म्हटलं, म्हणजे जर्मनमधलं "हो, बोला?" मी "नाइन, नाइन" म्हणून पुढे सरकलो.

शेवटी 18 अंशाचं गार पाणी. त्याबद्दल काही लिहीत नाही. तिथे निघालेला आवाज माझाच होता का याबद्दल आमच्या घरात अजून मतभेद आहेत.

मग गरम टॉवेल, आणि एका खोलीत कर्मचाऱ्याने मला पांघरुणात असा घट्ट गुंडाळला की हलायची सोय नाही. अर्धा तास. तीन-साडेतीन तासांनी पहिल्यांदा अंगावर कापड आलं होतं, त्या आनंदात मी घोरलो म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो होतो. समोरून एक टापटीप म्हातारे गृहस्थ आले, कोट, टाय, हातात वर्तमानपत्र, आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. मी काही केल्या ओळखेना. त्यांनी पेपर काखेत मारला, एक हात मशाल धरल्यासारखा वर केला आणि दुसऱ्या हाताने हवेतच चष्मा पुसून दाखवला.

बायकोने ताबडतोब त्यांना बसायला खुर्ची दिली.