साखरपुडा, पॅरोल आणि एक फिरता दावा

कर्नाटक उच्च न्यायालयाच्या २०२३ मधील एका निकालानंतर समाजमाध्यमांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत एक मजकूर फिरत आला आहे. त्याचा आशय असा: शिक्षा भोगत असलेल्या कैद्याचा साखरपुडा झाला की लग्नासाठी त्याला पॅरोल, म्हणजे तुरुंगातून ठरावीक दिवसांची रजा, देणे तुरुंग प्रशासनावर बंधनकारक असते, कारण साखरपुड्यालाच कायद्याने नात्याचा दर्जा मिळतो आणि लग्न हा मूलभूत हक्क आहे, उच्च न्यायालयाने पॅरोलचा हा हक्क मान्य केलेला आहे, खटला चालू असलेल्या कैद्यालाही तो लागू आहे, पॅरोलवर काढलेले दिवस शिक्षेतच धरले जातात, आणि एकदा लग्न झाले की संसारी माणूस म्हणून मुदतीपूर्वी सुटका सोपी होते. यातील बहुतेक विधानांत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती पटतात. परंतु त्यांवर विसंबून तारीख धरणाऱ्या, पत्रिका छापणाऱ्या आणि कार्यालयाची आगाऊ रक्कम भरणाऱ्या कुटुंबांचे नुकसान होते, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम, ज्या निकालाचा आधार घेतला जातो तो निकालच पाहू. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत असलेल्या एका कैद्याची आई आणि त्याच्याशी लग्न करू इच्छिणारी तरुणी अशा दोघींनी कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली होती. दोघांचे प्रेम नऊ वर्षांचे होते, आणि घरचे लोक आपले लग्न दुसरीकडे लावून देतील अशी भीती त्या तरुणीने मांडली होती. सरकारी पक्षाचे म्हणणे असे होते की, दुसऱ्या कोणाच्या लग्नाला हजर राहण्याचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी होती. कैद्याच्या स्वतःच्या लग्नासाठी पॅरोल देण्याची तरतूद कारागृह नियमावलीत नाही. न्यायालयाने, अन्य असाधारण परिस्थितीत पॅरोल देता येतो, अशा अर्थाच्या पोटकलमाचा आधार घेतला आणि १५ दिवसांचा पॅरोल मंजूर केला. म्हणजे ज्या निकालातून हक्क निघाला असे सांगितले जाते, त्या निकालातच अशी नियमित तरतूद नसल्याचे गृहीत धरून, अपवाद म्हणून वाट काढलेली आहे. हक्क असता तर असाधारण परिस्थितीचे पोटकलम शोधण्याची गरजच पडली नसती.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये असाच एक आदेश दिला. तेथेही जन्मठेपेच्या कैद्याचा अर्ज नियमात बसत नाही म्हणून तुरुंग प्रशासनाने नाकारला होता आणि न्यायालयाने १५ दिवसांची सवलत दिली. या आदेशातील विचार लक्षात घेण्याजोगा आहे: आपण हे प्रकरण कैद्याच्या दृष्टीने पाहत नसून, त्याला जन्मठेप झाली आहे हे ठाऊक असतानाही लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीच्या दृष्टीने पाहत आहोत, अशी न्यायालयाची भूमिका होती. माझ्या मते ही भूमिका माणुसकीची आहे. पण ती त्या प्रकरणातील परिस्थितीवर उभी आहे, आणि दोन्ही आदेश संविधानाच्या अनुच्छेद २२६ ने उच्च न्यायालयांना दिलेल्या विशेष अधिकारांतून आलेले आहेत. तुरुंग अधीक्षकाकडे तसले अधिकार नसतात. त्याच्यापुढे फक्त नियम असतात.

शिवाय हे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. तुरुंग हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे (नोंद क्रमांक ४), त्यामुळे बंगळूरूच्या निकालाने नागपूर, येरवडा किंवा नाशिकरोडच्या कारागृहाचे नियम बदलत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयापुढे तो निकाल दाखला म्हणून वाचून दाखवता येतो, न्यायालय त्याचा आदराने विचारही करते, परंतु तो त्याच्यावर बंधनकारक नसतो. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांपासून दोन प्रकारच्या रजा चालत आल्या आहेत: संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. तातडीच्या पॅरोलच्या कारणांत जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू आणि मुला-मुलीचे किंवा भावा-बहिणीचे लग्न यांचा समावेश होत आलेला आहे. बहिणीच्या लग्नासाठी बाहेर येता येते, तर स्वतःच्या लग्नासाठी का नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल आणि तो रास्तही आहे. मात्र प्रश्न रास्त असणे आणि नियम तसा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. या नियमांत वेळोवेळी फेरबदल होतात, म्हणून अर्जापूर्वी चालू नियम कारागृहाच्या कार्यालयातून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून तपासून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. फर्लोचे मात्र एक वैशिष्ट्य येथे उपयोगी पडते. ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर आणि वर्तन चांगले असल्यास मिळणाऱ्या या रजेसाठी विशिष्ट कारण दाखवावे लागत नाही. ज्याची फर्लो जवळ आली आहे, त्याने लग्नाची तारीख तिच्याशी जुळवणे हे नव्या पॅरोलसाठी झगडण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. अर्थात फर्लोही हक्काने मागता येत नाही. गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे.

मजकुराचा दुसरा आधार लग्नाच्या मूलभूत हक्काचा आहे, आणि येथे थोडे थांबावे लागेल, कारण हा युक्तिवाद पोकळ नाही. आपल्या पसंतीच्या सज्ञान व्यक्तीशी लग्न करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केरळमधील एका विवाहाच्या प्रकरणात म्हटले आहे. तुरुंगाच्या दारातून आत गेल्याने माणसाचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हेही १९७० च्या दशकापासून न्यायालये सांगत आली आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये विवाहाच्या ज्या अटी आहेत, त्यांत वर किंवा वधू शिक्षा भोगत नसावी अशी अट नाही. तेव्हा कैद्याला लग्न करता येते, यात शंका नाही. पण लग्न करण्याच्या हक्कातून त्यासाठी तुरुंगाबाहेर येण्याचा हक्क आपोआप निघत नाही, आणि मजकुराने नेमकी हीच उडी मारली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मिसुरी राज्यातील कैद्यांचा लग्नाचा हक्क मान्य केला, तो तुरुंगात राहून लग्न करण्याचा. इंग्लंडमध्ये १९८३ च्या विवाह कायद्याने कैद्यांना तुरुंगातच विवाह करण्याची सोय झाली. आपल्याकडेही विशेष विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयाऐवजी तेथून वाजवी अंतरावरील अन्य ठिकाणी, जादा शुल्क भरून, विवाह लावता येतो. मांडव आणि वाजंत्री हवी असणाऱ्यांना हा पर्याय रुक्ष वाटेल. परंतु ज्यांना विवाह कायदेशीर होण्याशी मतलब आहे, त्यांनी न्यायालयाच्या परवानगीने या वाटेचा विचार अवश्य करावा.

साखरपुड्यालाच कायद्याने नात्याचा दर्जा मिळतो, हे विधान मात्र सरळ चुकीचे आहे. रजेच्या नियमांत जी नाती मोजली जातात, त्यांत पती किंवा पत्नी येते. वाग्दत्त वधू किंवा वर येत नाही. नात्याच्या बाबतीत नियमांचा अर्थ किती काटेकोर लावला जातो, हे दिल्लीतील मे २०२४ च्या एका निकालावरून कळते. कायदेशीर पत्नी हयात असताना सोबत राहणाऱ्या जोडीदाराशी संबंध राखण्यासाठी मागितलेला पॅरोल दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील कारागृह नियमांत बसत नाही म्हणून नाकारला. याउलट राजस्थान उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अपत्यप्राप्तीसाठी १५ दिवसांचा पॅरोल दिला, तेव्हा मागणी करणारी स्त्री त्या कैद्याची विवाहित पत्नी होती. साखरपुड्याचे महत्त्व पुराव्यापुरते आहे. लग्न खरोखर ठरले आहे, ते पॅरोल मिळवण्यासाठी उभे केलेले निमित्त नाही, हे त्यावरून दाखवता येते. पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो तेव्हा मुलीची संमती, दोघांची वये, आधीचा विवाह आहे काय, लग्नाचे ठिकाण व तारीख, आणि कैदी बाहेर आल्याने फिर्यादीला किंवा साक्षीदारांना धोका आहे काय, या गोष्टी पाहिल्या जाणार हे धरून चालावे. यांतील शेवटची बाब प्रतिकूल निघाली तर साखरपुड्याच्या फोटोंचा फारसा उपयोग होत नाही. गंभीर गुन्ह्यात पॅरोल मिळतच नाही, असा उलट टोकाचा समजही आढळतो; तोही खरा नाही. गुन्हा गंभीर आहे एवढ्याच कारणावरून रजा नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या एका प्रकरणात २०१७ मध्ये म्हटले आहे.

न्यायाधीन, म्हणजे खटला चालू असलेल्या, बंद्यांविषयीचे विधान सर्वांत जास्त दिशाभूल करणारे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी ७५.८ टक्के लोकांचा खटला अजून संपलेला नव्हता, म्हणजे हा मजकूर वाचणाऱ्या कुटुंबांपैकी बहुतेकांचा माणूस याच वर्गात असण्याची शक्यता आहे. नेहमीचा पॅरोल आणि फर्लो ही दोषी ठरलेल्यांसाठीची व्यवस्था आहे. ज्याचा खटला चालू आहे, त्याने त्या न्यायालयाकडे अंतरिम जामीन मागायचा असतो, किंवा दिल्लीसारख्या ठिकाणी पोलीस पहाऱ्यातील काही तासांची मुभा, जिला कस्टडी पॅरोल म्हणतात. मार्च २०२४ मध्ये दिल्लीतील न्यायालयाने एका टोळीप्रमुखाला स्वतःच्या लग्नासाठी अशी सहा तासांची मुभा दिली आणि लग्न प्रचंड पोलीस बंदोबस्तात लागले. त्या बातम्याही याच मजकुराला पुरावा म्हणून जोडल्या जातात. प्रत्यक्षात सकाळी बाहेर येऊन संध्याकाळच्या आत पुन्हा कोठडीत परतलेल्या माणसाचे ते उदाहरण आहे.

पॅरोलचे दिवस शिक्षेतच धरले जातात, या विधानाबाबत तर मजकूर वाचकाचे थेट नुकसान करतो. फर्लोचा काळ सर्वसाधारणपणे शिक्षेत धरला जातो, पॅरोलचा नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितला आहे. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातील जन्मठेपेच्या कैद्यांच्या प्रकरणात न्यायालयाने असे ठरवले की, मुदतपूर्व सुटकेसाठी १४ वर्षांचा प्रत्यक्ष कारावास मोजताना पॅरोलवर काढलेला काळ वगळावा लागेल. लग्नासाठी १५ दिवस बाहेर आलेला कैदी त्या हिशेबात १५ दिवस मागे जातो. तेवढी किंमत मोजावी असे वाटणे समजण्यासारखे आहे, परंतु ती मोजावी लागणार आहे हे आधी माहीत असले पाहिजे. आणि ठरलेल्या दिवशी परत न गेल्यास पुढील रजा धोक्यात येतात, चांगल्या वर्तनामुळे शिक्षेत मिळवलेली सूट (माफी) कापली जाऊ शकते आणि वेगळा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

लग्नामुळे लवकर सुटका होते, हा समज बहुधा परदेशी बातम्यांतून आला असावा. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर भोगण्यासाठी झालेली सुटका, आणि तिचा विचार करणारे मंडळ कैदी सुटल्यावर कोठे व कोणासोबत राहणार हे पाहते; तेथे खंबीर जोडीदार असण्याला काही वजन असते. आपल्याकडचा पॅरोल ही परतीची तारीख ठरलेली रजा आहे. मुदतपूर्व सुटका हा वेगळाच विषय असून ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ ते ४७५ खाली येते. ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा आहे, त्यात जन्मठेप झालेल्या माणसाला किमान १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात. त्यानंतरही गुन्ह्याचा समाजावर झालेला परिणाम, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता, गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे काय, आणखी डांबून ठेवण्याने काही साधणार आहे काय, आणि कुटुंबाची सामाजिक व आर्थिक स्थिती असे निकष सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले आहेत. यांतील शेवटच्या निकषात पत्नीची परिस्थिती येऊ शकते, परंतु पाचांतील एका निकषाचा तो एक भाग आहे. होणारी वधू हीच मूळ फिर्यादी असेल, तर परिणाम उलटाही होतो. बलात्काराच्या खटल्यात लग्नाची तडजोड हा शिक्षा कमी करण्याचा आधार होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

ज्यांना खरोखर या वाटेने जायचे आहे, त्यांच्यासाठी वेळेचे गणित सर्वांत अवघड ठरते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांपैकी एकाचे नोटिशीपूर्वी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य लागते, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यात रजेचा अर्ज कारागृहातून पोलीस ठाण्याकडे, तेथून वरिष्ठ कार्यालयाकडे असा फिरतो. नाकारला गेल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. म्हणून आधी रजेचा लेखी अर्ज करावा, त्यात मुलीचे प्रतिज्ञापत्र आणि दोन-तीन पर्यायी तारखा द्याव्यात, नकार आल्यास कारणांसह लेखी आदेशाची प्रत मागून घ्यावी, कारण उच्च न्यायालयात आव्हान द्यायचे ते त्या कारणांनाच, आणि कार्यालयाचे पैसे मंजुरीचा आदेश हातात आल्यावरच भरावेत.