जीवशास्त्राच्या बाईंना साखरपुड्यात कसं हरवावं

साखरपुडा असो, बारसं असो, वास्तुशांत असो, जेवणाच्या रांगेत शेजारी जीवशास्त्र शिकवणारी बाई सापडली की सोडू नका. परवा भाचीच्या साखरपुड्यात मुलाकडच्या एका काकांनी मला गाठलं, ते हातातल्या आइस्क्रीमचं पाणी होईपर्यंत सोडलं नाही. काका सॉफ्टवेअरमधले. "मॅडम, डीएनए म्हणजे शेवटी कोडच ना? कोडमध्ये टायपो पडला तर प्रोग्रॅम बिघडतो, नवं फीचर येत नाही. म्युटेशनने नवी माहिती तयार होऊच शकत नाही. तुम्ही पोरांना शिकवता तरी काय? आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं." आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या आणि काका जिंकले. त्यांची रीत इतकी बिनतोड होती की ती एकट्या त्यांच्यापाशी राहू नये, म्हणून इथे देते आहे.

पहिलं पथ्य: 'माहिती' म्हणजे काय, हे मेलात तरी सांगू नका. सगळी इमारत यावर उभी आहे. समोरची बाई म्हणेल, क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 मध्ये माहिती मोजण्याचं गणित मांडलं, त्या मापाने तर अक्षरांची नुसती भरताड झाली तरी माहिती वाढते. तेव्हा हसून म्हणायचं, "तसली माहिती नाही हो, अर्थपूर्ण माहिती." अर्थपूर्ण म्हणजे काय, पेशीला आधी न जमणारं काम जमू लागणं? ती असं विचारेल. तेव्हा "बघू, द्या उदाहरण" म्हणा, पण हो म्हणू नका. हो म्हटलंत की संपलात.

'निवड', म्हणजे उपयोगी बदल टिकणं आणि घातक गळणं, हा शब्द तोंडातून जाता कामा नये. फक्त 'रँडम, रँडम' म्हणत राहा.

थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, 'पसारा वाढतच जातो' तो, मध्येच कुठेतरी टाका. पहिला कोणता, हे कुणी विचारत नाही.

माकडं अजून का आहेत, हा प्रश्न अगदी शेवटी, पान खाताना.

आता मुख्य डाव. बाई उदाहरणं देईल. प्रत्येक उदाहरणाला वेगळं उत्तर द्यायचं, आणि आधीच्या उत्तराशी ते जुळायला हवं असा आग्रह धरायचा नाही. ती म्हणेल, नायलॉन 1935 साली प्रयोगशाळेत तयार झालं, त्याआधी ते पृथ्वीवर नव्हतंच. तरी 1975 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना नायलॉनच्या कारखान्याच्या सांडपाण्यात असे जिवाणू सापडले, जे नायलॉन बनवताना उरणाऱ्या रेणूंवर जगत होते. यावर म्हणा, "पण जिवाणूचा जिवाणूच राहिला ना?" माहितीवरून जातीवर कधी आलात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ती फारच चिवट असेल तर जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांचं नाव काढा. ते रेणू तोडणारं एन्झाइम, म्हणजे पेशीतलं कामकरी प्रथिन, जन्मलं कसं याबद्दल त्यांनी 1984 मध्ये बांधलेला अंदाज पुढे टिकला नाही. हा चुकलेला अंदाज दोन घास होईपर्यंत चघळा. तो चुकीचा ठरवताना जे कळलं, ते मात्र सांगू नका. ते एन्झाइम एका जुन्या, ओळखीच्या एन्झाइमच्या घराण्यातलं निघालं, आणि दोनच अमिनो आम्लं बदलली की त्याची नायलॉनचे तुकडे पाडण्याची ताकद कित्येक पटींनी वाढते.

मग ती म्हणेल, जनुकाची एक जादा प्रत तयार होते, जुनी प्रत जुनं काम करत राहते आणि नवी बदलायला मोकळी असते. इथे दोन पायऱ्यांची युक्ती वापरा. पहिल्या पायरीला म्हणा, "ही तर नुसती झेरॉक्स, यात नवं काय?" दुसऱ्या पायरीला म्हणा, "हा तर होतं त्यातला नुसता बदल, यात नवं काय?" पायऱ्या दोन, चढलात दोन्ही, तरी तुम्ही तळमजल्यावरच! ती हताश होऊन समोर बोट दाखवेल: तो नवरीचा हिरवा चुडा आणि ते लाल कुंकू वेगळं दिसतंय ना तुम्हाला? बहुतेक सस्तन प्राण्यांना नाही दिसत. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या प्रथिनांची आपली दोन जनुकं एक्स गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी बसलेली आहेत, जवळपास सारखीच. एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि थोड्याशा अक्षरांनी वेगळ्या झाल्या. शेजारी बसल्यामुळेच त्यांची अदलाबदल होऊन घोटाळे होतात, आणि एक्स एकच असल्यामुळे रंगांधळेपणा पुरुषांत जास्त. या सगळ्यावर काकांनी काय म्हणावं? "ते देवानेच तसं ठेवलंय." ठीक आहे. पण मग पाच मिनिटांपूर्वी चाललेलं कोडचं आणि माहितीचं गणित कुठे गेलं?

लेन्स्कींचं नाव आलं तर घाबरू नका. रिचर्ड लेन्स्की या जीवशास्त्रज्ञाने 1988 मध्ये अमेरिकेत ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू बारा चंबूंत वाढवायला घेतले. चंबूत ग्लुकोज जेमतेम आणि सायट्रेट, लिंबाच्या आम्लातलं, भरपूर. ऑक्सिजन असताना सायट्रेट खाता न येणं, ही तर ई. कोलायची ओळखीची खूण. साधारण 31,500 पिढ्यांनंतर एका चंबूतलं द्रावण गढूळ झालं, कारण तिथले जिवाणू सायट्रेट खायला लागले होते. दर 500 पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवलेले, त्यामुळे मागे जाऊन पुन्हा प्रयोग करता आला. सुरुवातीच्या पिढ्यांतून हा गुण उगवेना, नंतरच्या पिढ्यांतून उगवला. म्हणजे आधी काही तयारीचे बदल होऊन गेलेले होते. पुढे 2012 मध्ये नेमकी घडामोड समोर आली. सायट्रेट आत घेणारं जनुक होतंच, पण ऑक्सिजन असला की बंद. डीएनएच्या त्या तुकड्याची दुसरी प्रत शेजारी पडली, आणि प्रतीतलं जनुक ऑक्सिजनमध्येही चालू राहणाऱ्या दुसऱ्या प्रमोटरच्या, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या बटणाच्या, ताब्यात आलं. टायपो पडला आणि फीचर आलं, काका. अगदी तुमच्याच भाषेत.

तुमचं उत्तर तयार असेल: "जनुक आधीपासून होतंच की." किंवा 2008 मध्ये अँड्र्यू श्लाफ्ली नावाच्या अमेरिकन वकिलाने केलं ते करा. त्याने लेन्स्कींना पत्र लिहून सगळा डेटा मागितला. लेन्स्कींनी सविस्तर उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की निबंध नीट वाचा, आणि ते जिवाणू प्रयोगशाळेत जिवंत आहेत.

आणि एवढं सगळं बाजूला ठेवलं तरी एक साधी गोष्ट उरते, जी माझ्या अकरावीच्या वर्गातली मागच्या बाकावरची मुलगीसुद्धा विचारते. अक्षर बदलतं तसं ते उलट बदलून पूर्ववतही होतं. तुकडा गळतो तसा घुसतोही. हे प्रयोगशाळेत रोज दिसतं. मग 'अ' चा 'ब' झाला ती माहितीची हानी असेल, तर 'ब' चा परत 'अ' झाला ती काय? भर नाही? दोन्ही दिशांना हानीच होत असेल तर ते कसलं माप? मी हे विचारलं तेव्हा काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही इमोशनल होताय." हो, झाले. ज्या क्लायंटला काय हवंय ते लिहून द्यायचं नसतं आणि जे करून द्याल त्याला 'हे नव्हतं हवं' म्हणायचं असतं, त्याच्या नावाने तुम्ही सॉफ्टवेअरवाले आयुष्यभर बोटं मोडत आलात, आणि साखरपुड्यात नेमके तेच होऊन उभे राहिलात!

कितवं पथ्य झालं, कोण जाणे. पुढचं घ्या: 2021 विसरा. त्या मार्चमध्ये 'डबल म्युटंट' हे शब्द पेपरात मथळ्यात आले, ते महाराष्ट्रातल्या करोनाच्या नमुन्यांवरून. त्याच घराण्यातला डेल्टा पुढे सगळं जग फिरून आला. तेव्हा म्युटेशन काहीतरी नवं करू शकतं यावर तुमचा इतका ठाम विश्वास होता की दुधाच्या पिशव्या सॅनिटायझरने धूत होतात. आता ते नुसतं मोडतोड करणारं झालं.

मोडतोडीवरून सिकलसेल काढा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एका अक्षराचा फरक, आणि गडचिरोली-नंदुरबारमध्ये घरंच्या घरं त्याचे हाल सोसतात. उदाहरण तुमच्या बाजूचंच वाटतं. फक्त तोच फरक एका पालकाकडून आला असेल तर तीव्र मलेरियापासून बचाव होतो, आणि म्हणूनच तो मलेरियाच्या मुलखांत टिकून राहिला, हे वाक्य गिळा.

मुद्दा आला कुठून, हे तर चुकूनही शोधू नका. 'नवी माहिती येऊ शकत नाही' हा युक्तिवाद अमेरिकेतल्या ख्रिस्ती सृष्टीवाद्यांनी पोसला, आणि त्यांतले कित्येक पृथ्वीचं वय काही हजार वर्षं धरतात. आपल्याकडे एकट्या कलियुगाची वर्षं 4,32,000. पूर्वजांचा अभिमान सांगायचा आणि माल दुसऱ्याच्या बायबलचा खपवायचा! तिकडे 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळेत 'इंटेलिजंट डिझाइन' या नव्या नावाने सृष्टीवाद शिकवण्यावरून खटला झाला. न्यायाधीश जोन्स यांना खुद्द रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेलं. उत्क्रांतीतून नवी जनुकीय माहिती कशी येते, हे दाखवणाऱ्या तीन डझनांहून जास्त शोधनिबंधांची नोंद निकालपत्रात आहे. म्हणजे तिथल्या कोर्टात हरलेला मुद्दा आपण मांडवात जिंकतोय.

इकडे काय? जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, सांगून गेले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, डार्विन चूक, अभ्यासक्रम बदला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निषेध केला. पाच वर्षांनी एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, आणि 1,800 हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी पत्र लिहूनही गेला तो गेलाच. बारावीत आहे म्हणतात. बारावीला जीवशास्त्र घेतात किती पोरं?

पुरे झाली पथ्यं.

तुम्हाला उत्तर नकोच होतं. उत्तर हवं असलेला माणूस 'माहिती' म्हणजे काय ते आधी सांगतो, आणि कुठला पुरावा दिला तर मान्य करेन तेही सांगतो. बहुतेक म्युटेशन निरुपद्रवी असतात, थोडी घातक, फार थोडी उपयोगी, हे आम्हीच शिकवतो. तुमच्या नातवात आई-बापात नसलेले 60-70 बदल आहेत आणि पोरगं छान खेळतंय. नवी जनुकं प्रतींमधून किती येतात आणि जनुक नसलेल्या डीएनएमधून किती, यावर शास्त्रज्ञ खरंच भांडतात. त्या भांडणात या, खुर्ची देते. पण त्याला वाचावं लागतं. तुम्ही वाचत नाही. दहावीच्या पोरांसमोर त्यांच्या शिक्षिकेला खोटं पाडून माना डोलावून घेता, आणि त्या पोरांना पुढे कुणी काही सांगायला गेलं की ती तुमचीच वाक्यं फेकतात. लाज वाटायला हवी.

हार्वर्डमध्ये 2016 साली दोन फूट बाय चार फूट थाळीत अँटिबायोटिक टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं, तर साधारण अकरा दिवसांत जिवाणू हजारपट औषधापर्यंत पोचले, एकेक म्युटेशन करत. बघायला मिळतं ते, डोळ्यांनी. आणि तुम्ही सर्दी झाली की चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणता. सर्दीच्या विषाणूचं त्या गोळीने काही वाकडं होत नाही. पोटातले साधे जिवाणू तेवढे मरतात आणि चिवट मागे उरतात, तुमच्याच घरात, तुमच्याच नातवाच्या आसपास. डार्विन मानू नका हवं तर. ती गोळी आणणं तरी बंद करा.