लिनक्सचा फेरफार

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने नांदवणाऱ्या माणसाला कधी ना कधी पस्तावण्याची वेळ येतेच. मात्र तो पस्तावा दोन सिस्टिम ठेवल्याचा नसून, दुसरीला जागा देताना हात आखडल्याचा असतो. आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आले ते ‘बघू तरी काय आहे’ एवढ्याच बेताने, म्हणून त्याच्या वाट्याला 20 जीबी आले. पुढे माझे सगळे लिहिणे-वाचणे तिकडे गेले आणि विंडोज सौभाग्यवतींच्या ताब्यात राहिले, कारण त्या सोसायटीच्या खजिनदार असून हिशेबाच्या सगळ्या एक्सेल फायली तिकडेच आहेत. सप्टेंबर महिन्यात, म्हणजे 30 तारखेच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकण्याची घाई सुरू असताना, लिनक्सने अपडेट अर्ध्यावर सोडले आणि डिस्कवर जागा शिल्लक नसल्याचे जाहीर केले.

जागा नव्हती असे नाही. शंभरेक जीबीचे एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला तुकडा, रिकामे पडले होते, पण नको तिथे. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे साठवणीचा पहिला कप्पा, 512 बाइटचा असतो. त्यातले 446 बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडला, 64 बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि उरलेले 2 शिक्क्याला जातात. तक्त्यातली प्रत्येक पार्टिशनची नोंद 16 बाइटची, त्यामुळे 1983 सालच्या पीसी डॉस 2.0 पासून चालत आलेल्या या मांडणीत चारच मुख्य पार्टिशन मावतात. अधिक हवी असतील तर त्या चारांतल्या एकाच्या पोटात करावी लागतात आणि पोटातल्यांचे क्रमांक पाचापासून सुरू होतात. आमच्याकडे पाच नंबरवर लिनक्स, सहावर लग्नामुंजीचे फोटो आणि सातवर मोकळे रान अशी स्थिती होती. पार्टिशन वाढते ते लगतच्या रिकाम्या जागेत; मध्ये फोटो ठाण मांडून बसलेले. तेव्हा लिनक्सलाच पाचावरून सातावर हलवणे आले.

या कामाला माझा भाचा स्वतःहून धावून आला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माणूस घरात असला की कोणतेही काम सोपे नसले तरी सोपे वाटते. “मामा, अरे कॉपी-पेस्ट तर करायचंय,” असे म्हणून त्याने सगळे फोल्डर माउसने ओढायला घेतले. मी त्याला प्रोक नावाच्या फोल्डरमधली केकोर ही फाईल दाखवली. तिचा आकार 128 टेराबाइट दिसत होता, आणि आमची अख्खी डिस्क 500 जीबीची. ही फाईल डिस्कवर नसतेच. चालू सिस्टिम आपल्या मेमरीचा जो देखावा मांडते त्यातलाच तो भाग असतो. भाचा चपापला. मग पेनड्राइव्हवरून वेगळे लिनक्स सुरू करून, म्हणजे मूळ सिस्टिम झोपलेली असताना, आरसिंक या फायली नकलणाऱ्या प्रोग्रामने मालकी, परवानग्या आणि दुवे यांसकट सगळे सामान सातावर नेले. हे काम अगदी निमूटपणे झाले, आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती असे लोक म्हणतील. पण सामान हलवणे हा या प्रकरणातला सोपा भाग असतो, हे मला ठाऊक होते.

खरी मेख कागदपत्रांत असते. माणूस नव्या घरात राहायला गेला तरी सातबाऱ्यावर फेरफार होईपर्यंत सरकारदरबारी तो जुन्याच जागेवर असतो, तसेच हे आहे. प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचा आकड्या-अक्षरांचा लांबलचक ओळखक्रमांक असतो, सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते सिस्टिमला सांगणाऱ्या एफएसटॅब या फाईलीत तो नोंदलेला असतो आणि सामानाबरोबर ही फाईलही जुन्या नोंदीसकट नव्या जागी येते. ती नोंद मी एकेक अक्षर ताडून बदलली. उरला ग्रब, म्हणजे संगणक उघडताच कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा मुनीम. त्याची नोंद बदलायच्या आधी चहा घ्यावा म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, तेवढ्यात भाच्याने ‘मामा, जुनं आता काय कामाचं?’ असे स्वतःशीच म्हणत पाच नंबरचे पार्टिशन उडवले आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

आता, पोटातले पाच नंबर गेले की सहाचे पाच होतात आणि साताचे सहा. ग्रबच्या दप्तरी पत्ता पाचाचाच होता. तो इमानाने तिथे गेला, त्याला लग्नामुंजीचे फोटो सापडले आणि ‘अननोन फाइलसिस्टिम’ एवढे बोलून ‘ग्रब रेस्क्यू’ या दोन शब्दांपुढे कर्सर लुकलुकवत तो बसून राहिला. डिस्कचा तो पहिला सेक्टर त्याच्याच ताब्यात असल्यामुळे, ज्याच्या केसालाही धक्का लागलेला नव्हता ते विंडोजही उघडेना.

“अहो, माझा ताळेबंद त्यात आहे,” सौभाग्यवती म्हणाल्या. भाच्याने मामीकडे न पाहता मोबाइलमध्ये डोके घातले.

पुन्हा पेनड्राइव्ह लावला, नवे पार्टिशन जोडले, सीएचरूट या आज्ञेने, जणू तिथूनच काम करतोय अशा थाटात, त्यात शिरलो आणि ग्रब नव्याने बसवला. मेनू आला, पण त्यात विंडोजचे नावच नव्हते. ग्रबच्या 2.06 या आवृत्तीपासून शेजारच्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद असतो, हे मी समजावून सांगू लागलो, तेव्हा सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर सुरक्षेविषयी फारसा आदर दिसला नाही. एका ओळीत तो चालू केला, मेनू पुन्हा बनवला आणि विंडोज एकदाचे उगवले.

फायली जागच्या जागी होत्या. फक्त रात्रीचे साडेनऊ वाजलेले असताना विंडोजच्या घड्याळात चार वाजले होते. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवली होती आणि विंडोजने ती भारतीय वेळ समजून जशीच्या तशी दाखवली. साडेपाच तासांची तूट ती एवढीच. मी दुरुस्त करायला हात पुढे केला.

“राहू द्या,” सौभाग्यवती म्हणाल्या, “चारच वाजलेत ना? मग आधी चहा टाका, तोवर माझा ताळेबंद होतो. आणि ह्याला लॅपटॉपपासून लांब बसवा.”