रात्रीचा हॉर्न बंद करायचा असेल तर आधी भिंत मागा

रेल्वेच्या हॉर्नची 'सवय होते' असं ठामपणे सांगणारे लोक बहुधा बडोद्यात रुळांपासून लांब, गोत्री नाहीतर वासणा रोडकडे राहणारे असतात. आमचं घर विश्वामित्री स्टेशनजवळ आहे. समोरून मुंबई-दिल्ली मेन लाइन जाते, प्रतापनगरकडची लाइनही इथूनच फुटते. रात्रभर गाड्या चालू असतात, मधूनमधून मालगाड्या. आम्ही जागे होत नाही हे खरं, पण झोपेतही आवाजासरशी छातीचे ठोके वाढतात, हे संशोधकांनी मोजून पाहिलंय. माझ्या सासूबाईंना ब्लडप्रेशर आहे. दर वेळी डॉक्टर आधी झोपेचंच विचारतात.

रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रेल्वेच्या रात्रीच्या आवाजासाठी सरासरी ४४ च्या खालीच राहा असं सुचवलं. इंजिनाचा हॉर्न जवळून शंभरच्या पुष्कळ वर जातो. त्यामुळे त्रास खरा आहे, आणि तो सांगणाऱ्याला कुणी नाजूक म्हणू नये.

तरीही आमच्या सोसायटीत 'रात्री ड्रायव्हरने हॉर्न वाजवू नये' असा अर्ज फिरतोय, त्यावर मी सही केली नाही.

खालच्या मजल्यावरचे काका लोको पायलट म्हणून रिटायर झालेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, ११० च्या स्पीडने गाडी असली की ब्रेक मारूनही किलोमीटरभर पुढे जाते. बाजूला वळवता येत नाही. समोर माणूस दिसलं की हातात हॉर्न तेवढा असतो." फाटकाच्या आधी रुळांशेजारी 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेला पिवळा बोर्ड असतो, तिथपासून फाटक ओलांडेपर्यंत हॉर्न वाजवायचा हा नियमच आहे. पण आमच्याजवळ फाटक नाही. इथे हॉर्न वाजतो तो भिंतीला पाडलेल्या भगदाडामुळे. पलीकडे जायचा शॉर्टकट म्हणून लोकांनीच ते पाडलंय. शाळेची मुलं, भाजीवाल्या बायका, रात्रपाळीहून मकरपुऱ्याकडून परतणारे कामगार, सगळे तिथून जातात, निम्मे कानात इअरफोन घालून. विजेवरची गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकूही येत नाही.

असे रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला पुलावरून लांबचा वळसा घालायला सांगून दंडाची पावती फाडणं मला पटत नाही. तिला जवळ पादचारी पूल हवा. आणि भुयारी रस्ता देणार असाल तर पाण्याचा निचरा धड करून द्या. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यात, दर पावसाळ्यात कसं पाणी भरतं ते बडोद्यात कुणाला सांगायला नको.

कुंपण घालता येत नाही असं कुणी म्हणू नये. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या वंदे भारतला आधी वटवा-मणिनगरजवळ म्हशी, दुसऱ्याच दिवशी आणंदजवळ गाय धडकली. त्यानंतर याच मुंबई-अहमदाबाद मार्गावर लोखंडी कुंपण उभं राहायला लागलं. गुरांसाठी जे सुचलं, ते वस्तीतल्या माणसांसाठीही सुचायला हवं.

अमेरिकेत २००५ च्या नियमांनी गावांना 'शांत पट्टा' मागायची सोय दिली, पण आधी फाटकांवर जादा सुरक्षा करून दाखवायची, मग हॉर्न थांबवायचा. मला हाच क्रम बरोबर वाटतो. यार्डात इंजिन जोडता-सोडताना वाजणारे छोटे हॉर्न मात्र रात्री वॉकीटॉकीवर भागवता यायला हवेत, त्यासाठी कुठल्या भिंतीची वाट बघायची गरज नाही.

म्हणून मी वेगळा अर्ज लिहितेय: भगदाडं बुजवा, आणि बुजवण्याआधी तिथे पूल द्या. प्रतापनगर, विश्वामित्री, फतेगंज, छाणीकडे रुळांलगत राहणाऱ्यांनी आपल्या भागातलं भगदाड कळवा. विजेच्या खांबावर किलोमीटर आणि खांबाचा नंबर रंगवलेला असतो, तो लिहिला की जागा नेमकी सापडते. नंबर भिंतीच्या अलीकडूनच बघा, रुळांवर उतरू नका. रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवा आणि तिचा नंबर मला पाठवा, सगळे एकत्र जोडून अर्ज देऊ.